ग्रिझलीच्या मुलखात छातीवर काय बांधावं?

प्रश्न : स. न. वि. वि. मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. सध्या आयडाहोतल्या बॉयसीत नोकरी करतो, ग्रीन कार्ड आहे. धनुष्यबाणाने एल्कची, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाची, शिकार करतो, पण आजवर ग्रिझली अस्वलं नसलेल्याच भागात गेलो. येत्या सप्टेंबरात मोंटानात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडच्या गॅलटिन डोंगरांत जायचं ठरलंय. माझ्याकडे ९ मिमीचं ग्लॉक १९ आहे आणि महिन्यातून एकदा रेंजवर जातो. कोणी म्हणतं .४४ मॅग्नम काडतुसाच्या खाली काही घेऊ नकोस, कोणी म्हणतं .४५४ कसूलच हवं, कोणी १० मिमी सुचवतं. बायको म्हणते, अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे घे आणि गप्प बस. माझ्या मनात अडीच इंची नळीचं .४४ चं रिव्हॉल्व्हर भरलंय. सोबतचा मित्र एच-१बी व्हिसावर आहे, वेळ पडली तर त्याने माझं पिस्तूल वापरलं तर चालेल का? सगळं मिळून दीड हजार डॉलर बाजूला काढलेत.
— एक वाचक, बॉयसी

उत्तर : बायकोचं निम्मं ऐका. स्प्रे घ्याच. गप्प बसणं मात्र अवघड प्रकरण आहे. ग्रिझलीच्या जंगलात माणसाचा आवाज हेच पहिलं संरक्षण, आणि नेमकं तेच एल्कच्या शिकाऱ्याला परवडत नाही. गप्पा मारत पायवाटेने जाणारी माणसं अस्वलाला लांबूनच कळतात आणि ते बहुधा आपणहून बाजूला होतं. तुम्ही मात्र फटफटायच्या आधी, वारा तोंडावर घेऊन, पाचोळा न वाजवता झाडीतून सरकणार. मधेच एल्कच्या मादीचा आवाज काढणार. त्या आवाजाला नर एल्क येतो तसं भुकेलं अस्वलही येऊ शकतं, कारण सप्टेंबर म्हणजे त्यांची हिवाळ्याआधी चरबी चढवण्याची घाई. शेताच्या बांधावर अवचित समोरासमोर आलेलं अस्वल काय करतं, हे बुलढाण्याच्या माणसाला सांगायला नको. ग्रिझलीचे बरेचसे हल्लेही असेच दचकून होतात, फक्त वजन दुपटीहून जास्त असतं.

आता वेळेचा हिशेब. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर. दाट झाडीत ते तुम्हाला ३० मीटरवर दिसलं तर तुमच्या हातात दोन सेकंद आहेत. तेवढ्यात हातातलं धनुष्य टाकायचं, हत्यार काढायचं, रोखायचं आणि चालवायचं. त्यामुळे ‘कोणतं काडतूस’ हा प्रश्न मुळात तिसऱ्या क्रमांकाचा. हत्यार अंगावर कुठे आहे हा पहिला आणि त्यातून सुटलेली पहिली गोळी लागते का हा दुसरा. तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांवर कोणी बोललेलं दिसत नाही.

स्प्रेबद्दल आधी, कारण तिथे आकडे आहेत. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या स्प्रे वापरल्याच्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने त्यांचं नको ते वागणं थांबलं आणि स्प्रे जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्क्यांना काही इजा झाली नाही. याच अभ्यासकांच्या गटाने २०१२ मध्ये बंदुकांचा हिशेब मांडला : अलास्कातल्याच २६९ घटना, त्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के वेळा आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा कामी आल्या. बंदूक जवळ असून चालवली काय नि न चालवली काय, माणसाच्या जखमांत फरक दिसला नाही, हा त्यातला खरा झोंबणारा निष्कर्ष. आता हे दोन अभ्यास शेजारी ठेवून ‘९२ विरुद्ध ८४’ असा सामना लावणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात. तो करू नका. स्प्रेच्या घटनांमध्ये नुसती चौकशी करत जवळ आलेली अस्वलंही पुष्कळ होती आणि बंदुकीच्या नोंदींमध्ये बिघडलेले प्रसंग जास्त येतात, कारण सुरळीत पार पडलेल्याची नोंद सहसा कोणी करत नाही. पण एक गोष्ट या आकड्यांआड लपत नाही. स्प्रेला बारीक नेम लागत नाही. घाबरलेल्या माणसाच्या थरथरत्या हातून सात-आठ मीटरवर धावतं डोकं टिपणं वेगळं आणि त्याच्या वाटेत ढग उभा करणं वेगळं.

डबा ‘बेअर स्प्रे’ असंच लिहिलेला आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा नोंदणी क्रमांक असलेला घ्या. माणसांसाठीचा खिशातला मिरची-स्प्रे इथे उपयोगाचा नाही. कॅप्सेसिनॉइडचं प्रमाण १ ते २ टक्के, ऐवज किमान २२५ ग्रॅम, फवारा किमान सहा सेकंद टिकणारा आणि आठ मीटरच्या आसपास पोचणारा. तळाशी मुदत छापलेली असते, साधारण चार वर्षं. त्यानंतर मिरची तशीच राहते पण आतला दाब घटतो आणि फवारा पायापाशी पडतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ५० अंशांच्या पुढे डबा फुटू शकतो. विमानात तर तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तुम्ही गाडीने जाताय, तो प्रश्न नाही. दोघांनी दोन डबे घ्या आणि एक सरावाचा, ज्यात मिरची नसते, तो वेगळा. क्लिप अंगठ्याने मागे ओढायची, अस्वल दहा-बारा मीटरवर आलं की त्याच्या पुढ्यात, किंचित खाली दोन सेकंद मारायचं आणि उरलेलं राखून ठेवायचं. ढग वर चढतो, म्हणून नेम खाली. ऐन वेळी क्लिपच न निघणं हा सगळ्यात जास्त होणारा घोळ आहे, आणि सरावाच्या डब्याने तो एका दुपारी मिटतो.

मग पिस्तूल कशाला? वारा समोरून जोरात असेल तर स्प्रे तुमच्याच डोळ्यांत येतो, आणि शिकारी वाऱ्याला तोंड देऊनच चालतो, हे मघाशी आलंच. स्प्रे मारूनही अस्वल थांबलं नाही, डबा संपला, किंवा ते अंगावर पडलं आणि एकच हात मोकळा आहे, अशा वेळी पिस्तूल. उलट अस्वल तुमच्या मित्राच्या अंगावर असेल तर आधी स्प्रेच. गोळीने तिथे मित्राचाच जीव जाऊ शकतो, मिरचीने दोघांचे डोळे जळतील एवढंच.

आता काडतुसांकडे. हातातल्या बंदुकीची कोणतीही गोळी ग्रिझलीला ‘उडवून’ पाडत नाही. ते जागच्या जागी कोसळतं ते मेंदूला किंवा मणक्याला गोळी लागली तरच. बाकी ठिकाणी लागलेली गोळी कधी त्याला वळवते, कधी नाही, आणि हृदयातून गेली तरी पुढचे काही सेकंद अस्वल पूर्ण ताकदीनिशी वावरतं. म्हणून गोळीकडून आपल्याला फुटणं नको, खोल जाणं हवं : कातडं, चरबी, खांद्याचे जाड स्नायू आणि हाडं ओलांडून आत. ज्यूलच्या भाषेत ढोबळमानाने सांगायचं तर ९ मिमीची १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जोरकस गोळी ५०० च्या थोडी वर, १० मिमीची २०० ते २२० ग्रेनची ९०० ते ९५०, चार इंची नळीतून .४४ मॅग्नमची ३०० ग्रेनच्या आसपासची १३०० च्या आगेमागे आणि .४५४ कसूल त्याच्याही बरीच वर. कागदावर .४५४ जिंकतं. पण त्याचा धक्का असा असतो की बहुतेकांची दुसरी गोळी आभाळाकडे किंवा जमिनीत जाते आणि काही सरावांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. एकदा लागलेली ती खोड सुटायला महिने जातात. तुमच्या यादीतून .४५४ आजच काढून टाका.

तुमच्या मनात भरलेल्या अडीच इंची .४४ बद्दल. रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन तुमच्या डोळ्यांसमोर असावं. बंदूक वाईट नाही, सव्वा किलोच्या घरात वजन आहे म्हणून धक्काही जरा गिळते. अडचणी दुसऱ्या आहेत. आखूड नळीत दारू पुरी जळत नाही, त्यामुळे .४४ चे पैसे मोजून वेग बराच कमी मिळतो आणि तोंडाशी मोठी ज्वाळा दिसते. पुढची-मागची माशी, म्हणजे नेम धरायच्या खुणा, एकमेकींच्या जवळ आल्याने नेमातली छोटी चूक मोठी होते. चाप लांब आणि जड, आणि तुमचं बोट ग्लॉकच्या हलक्या, छोट्या चापाला सरावलेलं. रिव्हॉल्व्हर नीट चालवणं हे वेगळंच कसब आहे. ते सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन येणार नाही.

दुकानदार याहून हलकं, स्कँडियमच्या सांगाड्याचं सातशे ग्रॅमचं .४४ दाखवेल. डोंगर चढताना ते स्वर्ग वाटतं. चालवताना मात्र हाताचा तळवा सोलतं, शिवाय त्यात एक यांत्रिक धोका आहे. हलकी बंदूक धक्क्याने इतकी झटक्यात मागे येते की चकतीत, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात, उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जागच्या जागी राहतात आणि कवच मागे सरकतं. म्हणजे गोळी कवचातून पुढे निघते. ती चकतीच्या तोंडाबाहेर आली की चकती फिरत नाही आणि तुमच्या हातात लोखंडाचा गोळा उरतो. काडतुसांचं तोंड घट्ट आवळलेलं नसेल तर हे दुसऱ्या-तिसऱ्या बारालाही होतं. रिव्हॉल्व्हर कधी अडकतच नाही, असं सांगणाऱ्यांनी हे पाहिलेलं नसतं.

रिव्हॉल्व्हरचा एक फायदा मात्र खरा, आणि तो मान्य करायला हवा. अस्वल अंगावर आहे आणि नळी त्याच्या फरात दाबून बार काढायचा आहे, अशा वेळी पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) दाबाने दोन-तीन मिलिमीटर मागे जाते आणि बार उडतच नाही. उडला तरी स्लाइड फरात अडकून पुढचं काडतूस चढायचं राहू शकतं. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही. पिस्तूल घेणाऱ्याने यासाठी एकच सवय लावायची : टेकवायचं नाही, मनगट छातीशी आणि नळी बोटभर दूर.

आमचं मत : ग्लॉक २०, १० मिमीचं. तुमचा चाप तोच, मुठीचा कोन तोच, माशा तशाच, बाहेर काढण्याची हालचालही तीच. आतापर्यंतचा सगळा सराव जसाच्या तसा कामी येतो, आणि ही गोष्ट काडतुसातल्या तीन-चारशे ज्यूलपेक्षा मोलाची आहे. मॅगझिनमध्ये १५ काडतुसं, रिकामं वजन ९०० ग्रॅमच्या आत. ग्रीनलंडमध्ये ध्रुवीय अस्वलांच्या प्रदेशात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी हेच पिस्तूल कमरेला लावते. त्यांच्याकडे रायफलही असते, हे सोयीस्करपणे विसरू नका. एक अडचण म्हणजे मूठ जाड आहे. तळहात लहान असेल तर तर्जनीचं पहिलं पेर चापावर नीट बसतं का, ते दुकानात बघा. बसत नसेल तर बारीक मुठीचं एसएफ मॉडेल मागा.

आहे तेच ग्लॉक १९ नेलं तर? २०१६ मध्ये अलास्कातल्या एका गाइडने ९ मिमीच्या पिस्तुलाने अंगावर आलेलं तपकिरी अस्वल मारलं, ही गोष्ट खरी आहे आणि तुम्हाला कोणी ना कोणी ती ऐकवेलच. त्या माणसाचं आयुष्य अस्वलांत गेलेलं होतं आणि त्याने कठीण ओतीव शिशाच्या जड गोळ्या भरलेल्या होत्या. पैसे नसते तर ‘हेच न्या, पण काडतुसं बदला’ असं आम्हीही म्हटलं असतं. तुमच्याकडे आहेत.

काडतुसं. शहरात संरक्षणासाठी भरतात त्या पोकळ टोकाच्या गोळ्या इथे नकोत; त्या शिरताच उमलतात आणि चरबी-स्नायूतच थांबतात. हवी ती कठीण ओतीव शिशाची किंवा अखंड तांब्याची, चपट्या रुंद टोकाची, १० मिमीत २०० ते २२० ग्रेनची. गोल टोकाची गोळी हाडावर घसरून दिशा बदलते, चपटी सरळ जाते. खोक्यावर वेग बघून घ्या. बाजारात १० मिमीच्या नावाखाली .४० एस अँड डब्ल्यूच्या ताकदीची मऊ काडतुसं भरपूर आहेत. कागदावर भोकं पाडायला ती ठीक. २०० ग्रेनला सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास वेग लिहिलेला असेल तर ते खरं १० मिमी.

इथे ग्लॉकची एक खोच आहे. त्याच्या नळीतल्या आट्यांचे (गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांचे) काठ गोलसर असतात आणि त्यांत उघडं शिसं साचत जातं. साचलं की पुढच्या बाराला दाब वाढतो, आणि शेकडो बार न पुसता मारले तर नळी फुटण्यापर्यंत जातं. कंपनी म्हणूनच उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगते. ही कटकट नको असेल तर तांब्याची अखंड गोळी घ्या, किंवा सरळ आट्यांची दुसऱ्या कंपनीची नळी बसवा, दीड-दोनशे डॉलरचा खर्च आहे. ओतीव शिसंच वापरायचं असेल तर सराव तांब्याच्या आवरणाच्या स्वस्त काडतुसांनी करा, शिशाची चाचणीपुरती उडवा आणि नंतर नळी घासून स्वच्छ करा.

ही चाचणी टाळायची नाही. रुंद चपटं टोक चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) उतारावर आदळून अडकू शकतं. एखादं पिस्तूल एक प्रकार गिळतं आणि दुसरा दर दहाव्या काडतुसाला थुंकतं. जे शिकारीला नेणार त्याच काडतुसाचे किमान शंभर बार, त्याच मॅगझिनांमधून. त्यातले वीस एका हाताने, दहा डाव्या हाताने आणि थोडे मुद्दाम सैल मनगटाने मारा, कारण जड काडतुसाला मनगट ढिलं पडलं की स्लाइड पुरी मागे जात नाही आणि रिकामं कवच दारातच उभं राहतं. शंभरात एक जरी अडकलं तर काडतूस बदला आणि पुन्हा शंभर. दर काडतुसामागे दीड-दोन डॉलर जातात, जीव चरफडतो, पण पर्याय नाही.

आता म्यान. कमरेला नको. पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा नेमका तिथेच येतो आणि पिस्तूल त्याखाली गाडलं जातं. सॅकमध्ये ठेवलेलं तर नसल्यातच जमा. छातीवर तिरपं, कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, म्यान घ्या. चामडं पावसात फुगतं आणि पकड बदलते. दुर्बिणीचा पट्टाही छातीवरच असतो, तेव्हा पिस्तूल त्याच्या बरोबर खाली, मूठ उजवीकडे. आणि धनुर्धाऱ्याने एक गोष्ट घरीच तपासावी, जी बंदुकीचे शिकारी तुम्हाला सांगणार नाहीत : पिस्तूल रिकामं करून, सगळा सरंजाम अंगावर चढवून धनुष्य पूर्ण ताणा. उभ्याने, गुडघ्यावर, उताराकडे वळून. प्रत्यंचा किंवा कोपर म्यानाला घासत असेल तर बाण भरकटेल. मग म्यान तीन-चार सेंटीमीटर खाली किंवा उजवीकडे सरकवा आणि पुन्हा ताणून बघा.

चेंबरमध्ये काडतूस भरलेलंच असू द्या. स्लाइड ओढायला दोन हात आणि एक सेकंद लागतो, दोन्ही नसतील. याची किंमत म्हणजे म्यानात परत ठेवतानाची शिस्त. ग्लॉकला सेफ्टीची वेगळी खटकी नाही. जाकिटाची दोरी किंवा बोटमोज्याचं टोक चापाच्या कडीत शिरलं आणि तुम्ही वरून दाबलंत, की बार. म्हणून काढताना घाई, ठेवताना डोळ्यांनी बघून, सावकाश. छातीवरून काढताना नळी डाव्या दंडासमोरून जाते हेही लक्षात असू द्या. डावा हात आधी छातीशी किंवा मागे, मग पिस्तूल बाहेर, आणि नळी समोर वळेपर्यंत बोट चापाबाहेर.

स्प्रे सॅकच्या खांदापट्ट्यावर किंवा डाव्या कमरेला, डाव्या हाताला सापडेल असा. धनुष्य डाव्या हातात असतं, म्हणून पहिली हालचाल एकच पक्की करा : धनुष्य सोडायचं. ठेवायचं नाही, सोडायचं. दीड हजार डॉलरचं धनुष्य दगडावर पडू द्यायला हात तयार होत नाही, हे मानवी आहे. घरी जुन्या गादीवर टाकून टाकून तो संकोच मोडा.

सरावाचं माप सांगतो. सात मीटरवर २० सेंटीमीटरची कागदी ताटली, तिच्यात तीन गोळ्या. टायमरच्या आवाजापासून म्यानातून काढून पहिलं भोक दोन सेकंदांत, तिन्ही भोकं साडेतीन सेकंदांत. हे दहापैकी नऊ वेळा जमेपर्यंत बाकी चर्चा फुकट. रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत. हे महिन्यातल्या एका रेंजपेक्षा जास्त शिकवतं. मग उताणं पडून, एका हाताने, तेही रिकाम्यानेच. बॉयसीच्या आसपास नेमबाजीला मोकळी अशी सरकारी जमीन आहे. तिथे मागे मातीचा बांध बघून, ताटली एका छोट्या घसरगाडीवर लावा. दोरी तुमच्या बाजूच्या पुलीतून फिरवून मित्राने तुमच्या मागे उभं राहून ओढायची. धावत येणारी ताटली पहिल्यांदा बघितली की नेमाची सगळी शेखी उतरते. रेंजवर .४४ भाड्याने मिळत असेल तर त्यानेही हीच परीक्षा द्या. .४४ ने तुम्ही तीन भोकं जास्त वेगाने पाडलीत तर आमचं म्हणणं बाजूला ठेवा आणि चार इंची नळीचं, पोलादी सांगाड्याचं .४४ खुशाल घ्या.

खर्चाचा अंदाज : पिस्तूल साडेसहाशेच्या आसपास, म्यान सव्वाशे, चाचणीची आणि शिकारीची मिळून दीडशे जड काडतुसं तीनशेच्या आत, सरावाची तीनशे दोनशेच्या घरात, दोन स्प्रे शंभर, सरावाचा डबा पंचवीस-तीस. बजेटात बसतं. लाल ठिपक्याने नेम धरायचं काचेचं साधन यात धरलेलं नाही. सप्टेंबरात त्या डोंगरांत बर्फही पडतो आणि काचेवर एक थेंब बसला की ठिपका पसरतो. पुढची माशी नारिंगी करून घ्या, वीस डॉलरमध्ये काम होतं. डोक्याला लावायचा चांगला दिवा मात्र हवाच, कारण एल्क पाडल्यावर तुम्ही अंधारातच काम करणार.

आणि खरा धोका तिथेच सुरू होतो. रक्ताचा वास वाऱ्यावर जातो, तुमचे दोन्ही हात कोपरापर्यंत कामात आणि मान खाली. एकाने कापायचं, दुसऱ्याने फक्त पाहायचं, स्प्रे हातात धरून. त्याने सोलायला मदत करायची नाही. आतडी तिथेच टाकून मांसाचे तुकडे किमान शंभर मीटर दूर, उघड्यावर लांबून दिसेल अशा जागी न्या. टांगायचे तर जमिनीपासून तीन मीटर वर आणि बुंध्यापासून सव्वा मीटर लांब. दुसऱ्या खेपेला परत येताना दोनशे मीटरवरून दुर्बिणीने पाहा. मांस हललंय, त्यावर माती-पालापाचोळा ओढलाय, कावळे उठून झाडावर बसलेत, तर ते एल्क आता अस्वलाचं झालं. भांडू नका. संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात बाण सोडायचा मोहही आवरा. जखमी जनावर रात्रभर पडून राहिलं तर सकाळी त्याच्यापाशी तुमच्या आधी कोणीतरी पोचलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात. ग्रिझली अलास्का सोडून बाकी अमेरिकेत १९७५ पासून संरक्षित यादीत आहे. जीव वाचवण्यासाठी मारता येतं, मांस वाचवण्यासाठी नाही. मारलं किंवा जखमी केलं तर संघीय वन्यजीव खात्याला पाच दिवसांत कळवावं लागतं. तुम्ही मात्र मोबाइलची रेंज आली की मोंटानाच्या वन्यजीव खात्याला त्याच दिवशी फोन करा. जखमी अस्वलाच्या मागे जाऊ नका, कवचं उचलू नका, जागा आहे तशी सोडा. चौकशीत अंतरं विचारतात. धनुष्यबाणाच्या हंगामात मोंटानात पिस्तूल बाळगता येतं, पण त्याने एल्क टिपता येत नाही, जखमी असलं तरी. त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचून निघा. वेस्ट यलोस्टोनहून बिग स्कायकडे जाणारा १९१ क्रमांकाचा रस्ता राष्ट्रीय उद्यानाच्या कोपऱ्यातून जातो. २०१० पासून उद्यानात पिस्तूल बाळगणं चालतं, चालवणं नाही, आणि तिथल्या सरकारी इमारतींत नेणंही नाही. त्या पट्ट्यात धनुष्य पेटीत बंद ठेवा. पुढे कधी कॅनडात जायचा बेत असेल तर पिस्तूल घरी. अस्वलासाठी म्हणून सीमेपलीकडे नेता येत नाही, बेअर स्प्रे चालतो.

खरेदी आयडाहोतच करा, परवानाधारक दुकानातून. हातातली बंदूक परराज्यातल्या दुकानातून थेट घेता येत नाही. ग्रीन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा न्या. खरेदीच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जावर गांजाबद्दल प्रश्न असतो. मोंटानात गांजा कायदेशीर असला तरी संघीय कायद्याला ते मान्य नाही, आणि खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

मित्राचं उत्तर सोपं नाही, म्हणून नीट वाचा. एच-१बीवरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस नुसतं हातात धरणंही संघीय कायद्याने गुन्हा आहे, काही अपवाद सोडून. त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो तुमच्याबरोबर शिकारीला येतोय म्हणजे परवाना काढणारच असेल, पण नुसता सोबत म्हणून, विनापरवाना येत असेल तर त्याच्या हाती पिस्तूल देऊ नका, रेंजवरसुद्धा. परवाना असेल तर त्याची छापील प्रत त्याच्या खिशात हवी, आणि मुदत परतीच्या तारखेपर्यंत आहे का ते तपासा. त्याच्यासाठी तुमच्या नावावर दुसरं पिस्तूल विकत घेणं हे तर अजिबात नाही. तो सरळ तुरुंगाचा रस्ता आहे. व्हिसाचा मामला असल्याने त्याने निघण्याआधी आपल्या वकिलाला एक फोन करावा. स्प्रेला यातलं काहीच लागत नाही, तेव्हा दुसरा डबा त्याचा, आणि एल्क कापताना पहाऱ्यावर तोच.